दोघींचा ताप

माय, गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडात फ्लूची सुई टोचली. म्हाताऱ्या माणसांना आता दरवर्षी टोचून घ्यायला सांगतात. टोचण्याआधी त्या एक कागद भरत होत्या. या आजारानं कधी दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. घरात आणखी कोणाला? मी म्हटलं, आईला. "मग त्यांचं कसं झालं?" लिहिता लिहिताच, मान वर न करता, त्यांनी सहज विचारलं. सगळी उमर वर्गात बोलण्यात गेलेली मी, पण बाही वर सारून नुसता दंड पुढं केला. दंड धरून घरी आले. त्या दिवसापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे.

नागपूरला जाऊन आपण दीक्षा घेतली, त्याच्या पुढचा पावसाळा. फुलसावंगीच्या शाळेत माझं दुसरं वर्ष होतं. तुझ्या भाषेत मी 'मास्तरीण' झाले होते आणि दिग्रसच्या जिनिंगात कपाशी निवडताना तू ते सगळ्या बायांना सांगितलं होतंस. गावात मला खोली मिळाली नव्हती. आपण कोण हे कळलं की खोली भरलेली निघायची. शेवटी एका बंजारा शेतकऱ्यानं आपल्या घराची पडवी दिली. त्याच्या दोन मुली माझ्या वर्गात होत्या. त्या पावसाळ्यात वर्ग रोज थोडा थोडा रिकामा होत गेला. आज चार पोरं नाहीत, उद्या दहा नाहीत. जी येत ती पाटीवर डोकं टेकून बसत. मोठ्या गुरुजींनी शाळा बंद केली, तोवर माझंही अंग मोडून आलं होतं. डोळ्यांच्या खोबणी दुखत होत्या, साधा पदरही अंगाला टोचत होता. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी घाम येऊन उतरला. पाचव्या दिवशी मी न्हाले, वेणी घातली आणि उघडलेल्या शाळेत जाऊन पाढे म्हणून घेतले. त्याच दुपारी फळ्यासमोर हुडहुडी भरली. उजव्या कुशीत श्वासागणिक सुरी फिरल्यासारखं व्हायला लागलं. खोकल्यातून पडलं ते गंजाच्या रंगाचं होतं.

शेतकऱ्यानं तुला निरोप धाडला. तू आलीस तेव्हा मी पडवीत भिंतीला टेकून बसलेली होते, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. तू पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागलीस.

"काहून गेलती वं शाळेत? ताप उतरला म्हंजे बीमारी गेली का? एवढी शिकली, अन् हे नाही समजलं तुले?"

"पोरं आली होती, माय."

"पोरं येतीनच. तू गेलीस तं तुही पोरं कोण शिकवीन?"

मग तू माझ्या कुशीवर हात ठेवलास. त्या शेतकऱ्यानं बैलगाडी जुंपली, गाडीत कडबा अंथरला. तू त्याला किती वेळा हात जोडलेस. तो म्हणाला, "याडी, हात कायले जोडता? माह्या पोरीइची बाई हाये थे." त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, हे मी तुला गाडीत सांगितलं. तेवढं सांगतानाही मला दोनदा थांबावं लागलं. पुढं मोटारीनं आपण पुसदला आलो.

दवाखान्यात बायांचा वॉर्ड भरलेला होता. दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या टाकलेल्या. मला दुसऱ्या दिवशी खाट मिळाली. डॉक्टर तरुण होते, डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि तुला समजेल असं सांगितलं, "माय, फ्लूनं दार उघडून दिलं आणि दुसरा रोग फुप्फुसात शिरला. न्यूमोनिया झाला आहे. औषध आहे, पण हिला बसती ठेवा, आडवी पडू देऊ नका. खोकून सगळं बाहेर आलं पाहिजे." एवढंच तू ऐकलंस आणि तेवढंच धरून ठेवलंस. पेनिसिलीनच्या सुया नर्सबाई देत होत्या. बाकी सगळं तू. माझ्यामागं खाटेवर चढून बसायचीस, दोन्ही पाय पसरून, आणि मला छातीला टेकवून घ्यायचीस. बावीस वर्षांच्या घोडीला. खोकला आला की दुखऱ्या कुशीवर तळवा दाबून धरायचीस, म्हणजे कळ कमी यायची. हे तुला कोणी शिकवलं होतं? थुंकायला फडकी लागत होती. तिसऱ्या दिवशी पाहते तो तू नागपूरला नेसलेलं पांढरं लुगडं फाडते आहेस. मी नको म्हटलं. तू म्हणालीस, "धरम काही लुगड्यात नाही राहत, पोरी. खोक."

समोरच्या खाटेवरच्या बाईची सासू पाण्याच्या माठापाशी तुला अडवून विचारते आहे, "तुमी कोन लोक?" हे मला अजून जसंच्या तसं दिसतं. तू पेला बुडवतेस, भरतेस, आणि म्हणतेस, "बौद्ध." तो शब्द तुझ्या तोंडात नवा आहे, जरा जपूनच उच्चारतेस. ती म्हातारी आपल्या खाटेकडं वळते. पण दुसऱ्या दिवशी तिच्या सुनेला ढास लागते, तिला एकटीला सांभाळता येत नाही, तेव्हा तीच तुला हाक मारते. तू जाऊन त्या सुनेलाही तसंच मागून धरतेस. ती सून बरी होऊन घरी गेली, माय. तू ते पाहिलं नाहीस.

वॉर्डात एक नियम होता. सोबतच्या माणसाला ताप आला तर त्यानं आत थांबायचं नाही, बाहेर डॉक्टरांना दाखवायचं. नर्सबाई रोज सकाळी एकेका खाटेपाशी थांबून विचारायच्या. पाचव्या दिवशी माझा ताप उतरला होता. खरा उतरला होता. अंग गार, हलकं, डोकं साफ. तू माझ्या कपाळावर हात ठेवलास आणि तो मला भाजला. तेवढ्यात नर्सबाई आल्या.

"माय, तुम्हाला ताप नाही ना?"

"नाही बाई."

"डोळे लाल दिसतात."

"चुलीपाशी होती. कण्या शिजवून राह्यलती पोरीसाठी."

दवाखान्यामागच्या छपरीत सोबतची माणसं स्वयंपाक करायची, त्यामुळं ते खरं वाटण्यासारखं होतं. नर्सबाईंनी माझ्याकडं पाहिलं. तूही पाहिलंस. मी कण्यांच्या वाटीत चमचा फिरवत राहिले.

तू आणखी दोन दिवस तशीच माझ्यामागं बसलीस. तुला खोकला यायचा, तो तू पदरात दाबायचीस. माझ्या पाठीला तुझी छाती हलताना कळायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तू नळावर भांडी घासायला गेलीस आणि तिथंच खाली बसलीस. बायांनी धरून आणलं. डॉक्टरांनी नळी लावली, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. माझं एकाच बाजूला होतं. तुझ्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. ओठ जांभळे पडले होते. मला खाली गादी देऊन माझी खाट तुला दिली. प्राणवायूचं नळकांडं आणून लावलं, सुया दिल्या. मी तुझ्यामागं चढून बसले, तू बसायचीस तशी. मला तुझं वजन पेललं नाही. समोरच्या खाटेपाशी बसलेली म्हातारी उठून आली आणि आम्ही दोघींनी मिळून तुला धरलं.

दिग्रसहून बा आला. त्याला पाहून तू पदर सारखा केलास. दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला जवळ बोलावलंस. एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत होता. "या खेपेला घाई नोको करू. महिनाभर घरी राय. कण्यात दूध टाकत जाय." औषधं वाटायच्या वेळेला तू गेलीस. वॉर्डात कोणी मोठ्यानं रडलं नाही. म्हातारीनं तुझे डोळे मिटले.

बाहेर डॉक्टर बापाला म्हणाले, "दमलेल्या शरीराला हा आजार दोन दिवसही देत नाही." बानं विचारलं, आधी समजलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." ते चांगले होते. खोटा धीर त्यांनी दिला नाही. मोटारीची वाट पाहताना बानं मला विचारलं, "तिले ताप होता, हे तुले मालूम होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

बा त्यानंतर सोळा वर्षं जगला. पुन्हा कधी विचारलं नाही. दर वेळी मी घरी गेले की माझं ताट तोच वाढायचा. ते ताट पुढं आलं की मला वाटायचं, आज सांगावं.

मी महिनाभर घरी राहिले. मग शाळेत गेले आणि शाळेतच म्हातारी झाले. पोराच्या कपाळाला हात लावून घरी पाठवणारी बाई म्हणून तालुक्यातल्या तीन शाळांमधे माझी चेष्टा व्हायची. आयाबाया भांडायला यायच्या, एवढ्याशा कणकणीला कायले घरी धाडता म्हणून. ताप उतरल्यावरही चार दिवस मी त्यांना वर्गात घेत नसे. त्यातली कोणती पोरं त्यामुळं वाचली आणि कोणती एरवीही वाचलीच असती, हे मला माहीत नाही. या हिशेबानं काही फिटेल असंही मला वाटत नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी भीतीनं गप्प बसले. तुला बाहेर काढलं असतं तर मला खोकताना कोणी धरलं असतं, ही भीती. ती होतीच. माझ्या नवऱ्याला मी एवढंच सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, आजारी माणूस होतीस तू, सोडून दे. डॉक्टरीणबाईंनाही पुढच्या खेपेला एवढं सांगता येईल.

हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून राहिलेलं लिहिते. त्या दोन दिवसांत पाऊस थांबत नव्हता, फरशीवरून गारठा वर येत होता. ताप गेल्यामुळं माझं अंग थंड पडलं होतं आणि मागून तू तापलेली होतीस. माय, मला ती ऊब बरी वाटत होती. मी आणखी मागं सरकून बसले होते.