गणिताने अजून शक्य आहे

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी.
आज सीझनची पहिली मॅच. लेकसाइड एफसीची दोन सीझन तिकिटं जानेवारीतच घेऊन ठेवली आहेत. शेजारशेजारच्या सीट्स, मधल्या रेषेच्या समोर. एक माझी, एक नंदाची. बत्तीस वर्षं ही म्हणतेय, मला एकदा मॅचला न्या. म्हटलं, एकदा काय, अख्खा सीझन नेतो! सरप्राइज द्यायचं होतं. पण गेल्या रविवारीच ती टेक्सासला, शुगर लँडला गेली. आमच्या लेकीचं, प्रीताचं बाळंतपण. पहिलटकरीण आहे, आईने जायलाच हवं. सहा आठवडे, फार तर आठ. तेवढ्या मॅचेस बुडतील तिच्या, हरकत नाही. तोवर ऑफसाइड सोप्या शब्दांत कसं समजवायचं ते मी ठरवून ठेवतो. ती कोल्हापूरची. तिकडे कुस्ती आणि तांबडा-पांढरा. फुटबॉलशी काय संबंध?

संध्याकाळी. ०-३. पहिलीच मॅच आहे. टीम सेट व्हायला वेळ लागतो.

४ मार्च.
नातू झाला! शिव. आठ पौंड. मी आजोबा. इकडे नेपरव्हिलच्या घरी एकट्याने शिरा केला. खाली लागला. वरचा खाल्ला.

१५ मार्च, शनिवार.
उद्या बारसं. नंदा म्हणाली, तुम्ही नका येऊ, उगाच दगदग होईल. किती काळजी करते माझी! शिवाय आज होम मॅच होतीच. १-१. पहिला पॉइंट!! मागच्या रांगेत बार्बरा नावाची रिटायर्ड बाई बसते, आयुष्यभर पोस्टात होती. मला जॅग म्हणते, जगन्नाथ तिला झेपत नाही. माझ्या बाजूची सीट रिकामी बघून विचारते, कोट ठेवू का? ठेव म्हटलं. बायको येईपर्यंत.

३० मार्च. गुढीपाडवा.
गुढी उभारायला तांब्या सापडेना. नंदाला फोन केला. म्हणाली, मी इकडे आणलाय. बरोबर आहे, बाळाच्या घरी पहिली गुढी. शोधताना लक्षात आलं की हॉलमधला तिच्या आईचा फोटोही नाही. पणजी दाखवायला नेला असणार. सहाणही नाही. ती बाळगुटीला लागते. मात्र तिचे स्नो बूट इथेच आहेत, दाराशी, नीट जोडीने ठेवलेले. ज्या माणसाला परत यायचं नसतं तो बूट ठेवून जाईल का?
(असं मी का लिहिलं? परत न येण्याचा प्रश्नच कुठे आहे.)

१२ एप्रिल.
सव्वा महिना उलटला. फोन केला, तिकीट कधीचं काढू? म्हणाली, काढू नका. प्रीताची रजा संपतेय, बाळाला कोण बघणार. मुद्दा आहे. डे-केअरवर आपला विश्वास नाहीच. मेअखेर येईल.
०-२. कोच बदलायला हवा. बाकी टीम उत्तम आहे.

११ मे. मदर्स डे.
ग्रुपवर प्रीताने फोटो टाकला. नंदा. स्टेडियममध्ये! हिरवा जर्सी टी-शर्ट, गळ्यात हिरवा स्कार्फ, तोंड एवढं मोठं उघडलेलं. जावई अमन सासूला तिकडच्या टीमच्या, गल्फ युनायटेडच्या मॅचला घेऊन गेला. खाली लिहिलंय की आईने अख्ख्या रांगेला ऑफसाइड ट्रॅप समजावून सांगितला.
अमनने शिकवलं असणार. चांगला मुलगा आहे.
फोटो मोठा करून बघितला. हिचे दात इतके छान आहेत हे लक्षात नव्हतं. खरं म्हणजे तोंड इतकं उघडून हसताना मी हिला पाहिलेलं नाही. कॅमेऱ्याचा अँगल असेल.

१४ जून.
आज नंदा फोनवर चक्क वीस मिनिटं बोलली. म्हणे कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांच्या गल्लीत दोन तालमींच्या फुटबॉल टीम्स होत्या, मॅच असली की घरात चूल लवकर पेटायची, आणि तिचे वडील तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून ग्राउंडवर न्यायचे. हरले की दोन दिवस कोणी जेवायचं नाही. मी म्हटलं, बत्तीस वर्षांत कधी बोलली नाहीस! मग म्हणाली, ठेवते, शिव उठला.
प्रीताला मेसेज केला, तुला हे माहीत होतं का? तिचं उत्तर: बाबा, एव्हरीबडी नोज धिस. शी टोल्ड अस अ मिलियन टाइम्स. यू वेअर इन द रूम.
तिला काय कळतंय, ती तेव्हा शाळेत होती.

५ जुलै.
संकल्प. उद्यापासून रोज चालणार. पोळ्या शिकणार. नंदा येईल तेव्हा गरम पोळी आणि समोर मॅच, बघतच राहील. आजची पोळी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, कोकणाच्या बाजूने जळकी.
टीम शेवटून दुसरी. प्लेऑफबद्दल समालोचक म्हणाला, गणिताने अजून शक्य आहे. अगदी हेच मी बार्बराला हाफटाइमला सांगितलं होतं. ती म्हणाली, हनी, माझ्या दुसऱ्या नवऱ्याबद्दल मीसुद्धा असंच म्हणायचे.
या बाईला विनोदबुद्धी आहे, पण जागा कळत नाही.

१९ जुलै.
नंदा तिकडे वॉकिंग फुटबॉल खेळते! पन्नाशीच्या पुढच्या बायका, धावायचं नाही, नुसतं चालत खेळायचं. ही गोलकीपर. गुडघ्याचं काय, विचारलं. म्हणाली, गुडघा इथे दुखत नाही. टेक्सासची हवा गरम, सांधे मोकळे होतात. मेडिकली बरोबर आहे. थंडी सुरू झाली की तिलाच इकडची आठवण येईल.

९ ऑगस्ट.
नंदाने प्रीताच्या घराजवळ एक बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं भाड्याने. फार प्रॅक्टिकल बाई. प्रीताकडे गर्दी होते, मी गेलो की उतरणार कुठे? माझाच विचार केलेला दिसतो. तिला विचारलं, बेडरूमला खिडकी कुठल्या बाजूला आहे? मला पूर्वेचं ऊन सहन होत नाही. फोन कट झाला. नेटवर्क खराब असावं.
२-१ जिंकलो!!! सीझन फिरला. मी उडी मारली आणि बार्बराच्या कोटाला मिठी मारली. काहीतरी हाताशी लागतं माणसाला.

३० ऑगस्ट.
मंडळाच्या गणपतीत लतिकाताई भेटल्या. नंदाची जुनी मैत्रीण. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुम्ही कसे आहात, खरं सांगा. मी म्हटलं, मजेत, ही दिवाळीला येतेय. त्यांनी हात सोडलाच नाही. म्हणाल्या, असं ती म्हणाली का? मी म्हटलं, म्हणायला कशाला हवं, बाळंतपण काय जन्मभर चालतं? त्यांच्या डोळ्यांत पाणी. लतिकाताई पहिल्यापासून हळव्या. आरतीलासुद्धा रडतात.
उकडीचे मोदक पाच खाल्ले. घरी येऊन नंदाला फोटो पाठवला. तिने अंगठा दाखवला. नुसता अंगठा.

१३ सप्टेंबर.
शिवचं उष्टावण झालं. फोटोत नंदा चांदीच्या वाटीतून खीर भरवतेय. मला बोलावलं होतं, नाही असं नाही. प्रीताने तीनदा फोन केला. पण आज टीमची करो या मरो मॅच. लॉयल्टी म्हणून काही असतं. प्रीता म्हणाली, बाबा, लॉयल्टी टू हूम? आणि फोन ठेवला. झोप होत नाही बिचारीची.
०-०. मेलोही नाही, काही केलंही नाही.

२७ सप्टेंबर.
हिशेब नीट मांडला. शेवटची मॅच आपण जिंकली पाहिजे, वरच्या दोन टीम्स हरल्या पाहिजेत. मग प्लेऑफ. आणि नंदाचं असं की सव्वा महिना, बारसं, उष्टावण, सगळं आटोपलं. जानेवारीतलं बोरन्हाण तेवढं राहिलं. पण त्याआधी दिवाळी. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. हे काही व्हिडिओ कॉलवर होत नाही. ताट हलवायला माणूस समोर लागतं. पाडव्याला ती येणार म्हणजे येणार.
आज तिने फोनवर सांगितलं, माझे स्नो बूट कुणाला तरी देऊन टाका. नवीन हवेत, असा अर्थ घेतला. बघून ठेवतो.

११ ऑक्टोबर.
म्हटलं नव्हतं!! शेवटची मॅच गल्फ युनायटेडशीच, आपल्याकडे. प्रीताचा मेसेज: आई इज फ्लाइंग इन फॉर द गेम. येतेय! पाडव्याच्या चार दिवस आधी! मॅचचं नुसतं निमित्त. घर पुसलं. पडदे धुतले, एक आकसला. चकल्या विकतच्या आणून डब्यात भरल्या, कळणार नाही. बार्बराला फोन करून सांगितलं, शनिवारी कोट मांडीवर ठेवायचा.

१८ ऑक्टोबर. मॅचला निघण्यापूर्वी.
ऑरेंज रंगाचा शर्ट. नंदाला आवडतो. (की निळा? एक कुठला तरी आवडतो.) विमानतळावर घ्यायला येऊ का विचारलं, तर म्हणाली, आम्ही बायका हॉटेलवर उतरतोय, टीमबरोबर. वॉकिंगवाल्या बायका. ठीक आहे. सामान मॅचनंतर हलवू.

त्याच दिवशी, घरी आल्यावर.
ती पाहुण्यांच्या कोपऱ्यात होती, हिरव्यांत. ढोल होता तिच्यापुढे. ढोल! कोल्हापूरचा हात, सगळं स्टेडियम तिच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होतं. आमचेसुद्धा. मी उभा राहून हात हलवला. इतक्या लांबून दिसलं नसेल.
हाफटाइमला ती माझ्याकडे आली. बार्बरा कोट आणि नाचोज घेऊन दोन रांगा वर गेली. नंदा सीटवर बसली. तिच्या सीटवर, पहिल्यांदा. मी म्हटलं, सांगतो, तुमचा पहिला गोल ऑफसाइड होता, ऑफसाइड म्हणजे कसं असतं... तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, नव्हता हो. तुमचा उजवा बॅक मागे राहिला होता. स्क्रीनवर पुन्हा दाखवलं. राहिला होता.
मी चकलीचा डबा उघडला. तिने एक खाल्ली आणि म्हणाली, दुकानातली आहे. पण छान आहे. मग मी विचारलं, पाडव्याला आहेस ना.
ती म्हणाली, नाही. म्हणाली, मी आता तिकडेच राहणार आहे. मी म्हटलं, बाळंतपण... तर म्हणाली, बाळंतपणाचं तुम्ही लोकांना सांगत सुटलात. मी निघायच्या आदल्या दिवशी इथेच, आपल्या किचनमध्ये, ओट्याला टेकून तुम्हाला सांगितलं होतं की मी परत येणार नाही. दोनदा सांगितलं. तुम्ही मोबाइलमध्ये कुठल्या तरी मॅचचा स्कोअर बघत होतात. म्हणालात, बरं, पोचल्यावर फोन कर.
रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं, समजूत काढता आली असती. माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. म्हणाली, ओरडू का तुमच्यावर? जोर नाही हो आता. ढोलासाठी ठेवलाय. आणि हसली, त्या फोटोतल्यासारखी. तिकिटं दोन काढलीत हे प्रीताने मला मार्चमध्येच सांगितलं होतं, म्हणाली. मला रडू आलं होतं. पण मी लग्न झाल्या वर्षी मागितलं होतं हो.
मी म्हटलं, आता चल ना. तोंडातून निघालं एकदाचं. ती थोडा वेळ माझा हात धरून बसली. मग शिट्टी वाजली आणि तिच्या बायका तिकडून हाका मारायला लागल्या.
१-२. वरच्या दोन्ही टीम्स हरल्या होत्या. आपण जिंकायला हवं होतं, एवढंच.

२२ ऑक्टोबर. पाडवा.
उटणं लावून आंघोळ केली. पाट मांडला. निरांजन, अक्षता, सुपारी, अंगठी, सगळं ताटात. पाटावर बसलो. ताट जमिनीवर. बराच वेळ बसल्यावर स्वतःच उचलून एकदा फिरवून पाहिलं. निरांजन नाकाशी आलं, मिशी होरपळली असती. खाली ठेवलं.
प्रीताचा फोन. बाबा, आर यू ओके? म्हटलं, फर्स्ट क्लास. मागून नंदाने विचारलं, बीपीची गोळी घेतली का? घेतली, म्हटलं. घेतली नव्हती. फोन ठेवल्यावर घेतली.
मग रडलो. पाटावर बसूनच. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे मोठ्याने रडलो तरी चालण्यासारखं होतं. नंदाशिवाय मला करमत नाही. हे तिला सांगायला हवं होतं. निदान एकदा, एखाद्या साध्या मंगळवारी, भाजी आणायला जाताना.
नंदा दिवाळीनंतर येणार नाही. थंडीत येणार नाही. बोरन्हाण झाल्यावर येणार नाही. ती फेब्रुवारीतच गेली आहे.