बोलता यावं, गाता येऊ नये

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. साष्टांग म्हणायची पद्धत आहे, पण आठांपैकी गुडघे हे अंग सध्या माझ्या म्हणण्यात नाही, तेव्हा उरलेल्या अंगांचा नमस्कार गोड मानून घे. वाकायचा व्यायाम पुढच्या महिन्यात शिकवणार आहेत, तेव्हा गुडघ्यांचाही पाठवीन.

तुझी तब्येत कशी आहे असं मी विचारणार नाही, कारण तू खरं सांगणार नाहीस. तुझा मुलगा सांगतो ते मला पुरे आहे. हाड जुळलं म्हणे, डॉक्टर म्हणतात उभं राहायला हरकत नाही, पण आई पलंगावरून उतरतच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. फोन तुझ्या कानाला लावतात तेव्हा तू नुसतं "हं" म्हणतेस. जन्मभर माझ्या वाक्यावाक्यात खोट काढणारी तू, आणि "हं"? म्हणून हे पत्र. पत्राला "हं" म्हणून गप्प करता येत नाही, ते आपलं सांगतच राहतं. तुझ्या सूनबाईंनी हे मोठ्याने वाचावं आणि तू खुशाल भिंतीकडे बघावंस. भिंतीलाही कान असतात म्हणतात, तुम्ही दोघी मिळून ऐका.

लिहून घेताहेत आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई. सगळा गाव त्यांना सिस्टर म्हणतो, मी म्हणत नाही. सिस्टर म्हणजे बहीण असं मला कोणीतरी सांगितलं, आणि बहीण मला एकच आहे. (नर्सबाईंचं अक्षर फार वाईट आहे असं औषधवाला म्हणतो. मला सगळ्यांचंच अक्षर सारखं दिसतं, तेव्हा माझी काही तक्रार नाही.) दुपारी पेशंट घरी गेले की केंद्राचा लांब व्हरांडा रिकामा होतो. नुकती पुसलेली फरशी वाळत असते, खिडक्यांमधून उन्हाचे चौकोन पडलेले असतात, पंखा स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असतो. मधोमध टेबल टाकून नर्सबाई बसतात आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत सांगते. मी बसले की त्या पेन खाली ठेवतात, असा करार आहे. त्यामुळे हे पत्र मध्येच तुटलेलं वाटलं तर समज की धाकटी बाकावर टेकली. डॉक्टरांबद्दलचं जे काही बोलायचं ते मी लांबच्या टोकाला गेल्यावर हळूच बोलत होते; पण व्हरांडा घुमतो हे मला कालच कळलं. नर्सबाईंनी सगळं लिहून घेतलं होतं. ते पान मी फाडायला लावलं, नाहीतर तुला वाचायला मजा आली असती.

तर मुळात झालं असं. तू पडलीस हे कळल्यावर मी मुलाला म्हटलं, मला ताईकडे ने. तो म्हणाला, "आई, स्टँडपासून मावशीच्या घरापर्यंत रिक्षा जात नाही, तुला जमिनीवरून पलंगावर बसायला दोघं लागतात. डॉक्टर हो म्हणाले तर नेतो." म्हणजे माझ्या आणि तुझ्यामध्ये एक कोवळा, चष्मा लावलेला डॉक्टर येऊन उभा राहिला. बरं, डॉक्टर माझ्यावर खूश! गेले कित्येक महिने ते तपासताना विचारायचे, आजी, चालणं कसं काय? मी म्हणायचे, चाललंय. रोज? रोजच चाललंय. काही त्रास? मी म्हणायचे, चालायचंच. आता तूच सांग, यात माझं काय चुकलं? कसं काय असं कुणी विचारलं की चाललंय म्हणावं, हे आपल्याला आईने शिकवलं. घराला आग लागलेली असली तरी आपण दारात उभं राहून चाललंय म्हणणारी माणसं. पण डॉक्टर माझ्या कागदावर मोठ्या आनंदाने काहीतरी लिहीत राहिले. ते काय लिहितात हे मला वाचता येत असतं तर गोष्ट इतकी पुढे गेलीच नसती.

तसं अगदीच खोटंही नव्हतं गं. दुपारी सगळे कामाला गेले की मी खिडकीशी पडते, डोळे मिटते आणि चालायला लागते. आपल्या जुन्या घराच्या मागच्या दाराने निघते. आधी कुंभाराचं अंगण, तिथे वाळत घातलेल्या मडक्यांमधून पाय जपून टाकायचे. मग तळं. त्यावर सकाळचं धुकं इतकं जाड की बदकांचे फक्त आवाज पोहताना दिसायचे. (नर्सबाई म्हणतात आवाज दिसत नाहीत. त्यांनी ते तळं पाहिलेलं नाही.) मग कठडा नसलेला पूल, आणि पुलापलीकडे तुझ्या शाळेचं फाटक. तू पुढे, दप्तर डोक्यावर, मागे न बघता. मी मागे, कडेवर भाऊ. तू आत जायचीस, मी फाटकाला हात लावून परत फिरायचे. अजूनही तसंच करते. मनातल्या त्या रस्त्यावर माझे गुडघे दुखत नाहीत, दम लागत नाही, ऊन लागत नाही. एवढं चालून आल्यावर झोपही छान लागते, म्हणजे झोपेतच असते मी, पण आणखी छान लागते.

मग आला सोमवार. सोमवारी साखरवाले, दाबवाले आणि गुडघेवाले अशा सगळ्यांना व्हरांड्यात एकत्र बसवून डॉक्टर व्यायामाचं सांगतात. भिंतीवर एका पळणाऱ्या बाईचं चित्र लावलंय, ती कित्येक वर्षं पळते आहे पण दारापर्यंत पोचलेली नाही. डॉक्टर म्हणाले, औषधं मी देईन, पण अर्धं औषध तुमच्या पायात आहे. यावर बेकरीवाला म्हणाला, दिवसभर भट्टीपुढे उभा असतो, आणखी काय करू? शिंपीणबाई म्हणाल्या, शिलाई मशीनचे पाय मारते ते धरत नाहीत का? जो तो आपण आधीच किती दमतो ते सांगायला लागला. तेव्हा डॉक्टरांनी मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, या आजींकडे बघा, या वयात रोज चालतात, एक दिवस चुकवत नाहीत. आजी, सांगा यांना तुम्ही कशा चालता.

मी काय, उचलली जीभ. कुंभाराच्या अंगणापासून सुरुवात केली. तळ्यापर्यंत आले तर व्हरांडा चिडीचूप. बेकरीवाल्याने डोळे मिटले. शिंपीणबाईंचे पाय हळूहळू हलायचे थांबले. निवृत्त पोस्टमन भिंतीला डोकं टेकून माझ्याबरोबर धुक्यात शिरले ते बाहेर आलेच नाहीत, घोरायला लागले. पुलावर तर सगळाच्या सगळा दवाखाना माझ्यामागून चालत होता, अगदी अलगद, कुणाच्याही चपलेचा आवाज न होता. डॉक्टरांचे डोळे उघडे होते, पण ते चष्म्याच्या आत कुठेतरी लांब गेले होते. त्यांनाही कोणीतरी कुठल्यातरी फाटकाशी सोडलं असणार. आणि मी फाटकाला हात लावणार, इतक्यात नर्सबाईंचा आवाज आला. छान सांगितलंत आजी, आता जरा त्या टोकापर्यंत चालून दाखवा.

ताई, तो व्हरांडा तेव्हा केवढा लांब झाला म्हणून सांगू! मी निघाले. पहिल्या खिडकीपर्यंत अब्रूने गेले. दुसऱ्या खिडकीपाशी गुडघ्यांनी एकमेकांना काहीतरी सांगितलं. पुढे धाप, घाम, डोळ्यांपुढे काजवे, आणि समोर जी पहिली बसण्यासारखी वस्तू दिसली तिच्यावर मी बसकण मारली. ती वजनाचा काटा निघाली. काटा गर्रकन फिरला आणि सगळ्यांनी माझं वजन वाचलं. जिला वाचता येत नाही ती एकटी मी. पोस्टमन दचकून उठले आणि पत्र कुणाचं आहे असं विचारू लागले.

मला वाटलं डॉक्टर रागावतील. ते माझ्याशेजारी जमिनीवरच बसले. मी म्हटलं, मी खोटं बोलले नाही, मी चालते, फक्त डोळे मिटून. ते चष्मा पुसत म्हणाले, "आजी, मनातलं चालणं चांगलंच आहे, ते सोडू नका. पण बहिणीच्या गावाला जाणारी बस मनात येत नाही." मी काट्यावरून उठले. (तू असतीस तर यावर उत्तर दिलं असतंस.)

तेव्हापासून मी नर्सबाईंच्या ताब्यात आहे. त्यांचा नियम एकच. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं म्हणजे तुम्ही रेंगाळताय. बोलता आलं नाही म्हणजे ताकदीबाहेर धावताय. हा नियम ऐकून मी चालायला लागले आणि अख्खी अंगाई गाऊन दाखवली. त्या म्हणाल्या, पाय उचला. पाय उचलला तर दुसऱ्याच ओळीला सूर फाटला. त्या म्हणाल्या, हं, आता हाच वेग, आता बोला. मी म्हटलं, बोलू कुणाशी? सून कामावर, मुलगा कामावर, तुम्ही बोलत नाही, नुसत्या ऐकता. त्या म्हणाल्या, तुमच्या ताईंशी बोला, मी लिहून घेते. झालं. म्हणून हे पत्र इतकं लांबलं आहे. एरवी मी तुला चार ओळींत उरकलं असतं, पण हा व्यायाम आहे, तो पुरा व्हावा लागतो.

आता मी व्हरांडा ओलांडून बाहेरही जाते. संध्याकाळच्या आधी, सगळं गाव अर्धवट जागं असतं तेव्हा. शिंपीणबाईंच्या दुकानात कापडाचे तुकडे वाऱ्याने उगाच हात हलवतात. सायकलवाला पंक्चरचा बुडबुडा शोधत पाण्यात बघत बसलेला असतो, जणू त्यात त्याचं काही हरवलंय. परवा न्हाव्याच्या दुकानातून एक म्हातारी येताना दिसली, पदर खोचून, ठसक्यात. म्हटलं, कोण ही भवानी, ओळखीची दिसते. जवळ गेले तर न्हाव्याचा आरसा होता. खूप दिवसांनी मला माझी भेट झाली आणि वाईट नाही वाटली. एकच गोष्ट मला आवडत नाही. डोळे उघडे ठेवून चाललं की पुढे कोणी नसतं. मनातल्या रस्त्यावर तुझी पाठ तरी दिसते. इथे रस्ता नुसता रस्ता असतो. मी कोपऱ्यावर उभी राहून दम घेते तेव्हा मला वाटतं, ही ताई अशी कशी एकाएकी मागे राहिली?

डॉक्टरांनी परवा मला सपाट रस्त्यावर चालवून बघितलं आणि मान डोलावली. मुलाने बसची वेळ विचारून ठेवली आहे. तेव्हा मी येते. तिकडच्या सगळ्या मोठ्यांना नमस्कार आणि लहानांच्या गालांना माझ्या वतीने चिमटा. बाकी सगळं ठीक. चाललंय, म्हणजे या वेळी खरोखरचं.

तुझी,
धाकटी

ता. क. : नर्सबाईंनी पत्र वाचून दाखवलं. मी येते असं लिहिलं आहे ते पूर्ण खरं नाही. डॉक्टरांनी मान डोलावली हे खरं, पण मग विचारलं, बहिणीच्या घराला जिना आहे का? मी पंख्याकडे बघायला लागले. ते म्हणाले, सपाट रस्ता जमेल, जिना नाही, यंदा तर नाहीच. आणि तू तर त्या वरच्या खोलीत, त्या अरुंद जिन्याच्या डोक्यावर बसलीस. म्हणजे मी इतकं चालून येणार, तुझ्या दारात उभी राहणार, आणि तू वर भिंतीकडे बघत "हं" म्हणणार.

आणखी एक : वर पानंच्या पानं व्यायामाचं जे काही सांगितलं ते यासाठीच. तुमच्या तिथल्या आरोग्य केंद्रातल्या नर्सला आमच्या नर्सबाईंनी फोन केला आहे, ती उद्या-परवा तुझ्याकडे येईल. तिच्याशी भांडू नकोस, म्हणजे भांड, पण उभी राहून भांड. आधी पलंगाची कड, मग दार, मग कठडा धरून एकेक पायरी. घाई नाही. ताई, आपण वाटून घेऊ या. रस्ता माझा, जिना तुझा. तू खालच्या पायरीवर येऊन बसायला लागलीस असं तुझ्या मुलाने फोनवर सांगितलं की त्याच दिवशी माझे डॉक्टर मला बसमध्ये बसवणार आहेत. मी लिहून घेतलंय त्यांच्याकडून, म्हणजे नर्सबाईंनी.

शेवटचं : नर्सबाई विचारताहेत, ताई नाहीच उतरल्या तर? मी त्यांना सांगितलं, ती मोठी आहे, मला दारात ताटकळत ठेवणार नाही. त्यांनी हे लिहिलं आहे की नाही मला कळायला मार्ग नाही. लिहिलं असेल तर खाली ये. लिहिलं नसेल तरी ये.