मोहफुलांच्या दिवसांत नहरीची पाळ

बाबा, तुमच्या नहरीच्या पाळीवरून आता माणसं हौसेनं सायकल चालवतात. तुम्हाला हसू येईल. ज्या मुरमाच्या वाटेवर तुमच्या सायकलची चेन सारखी उतरायची आणि तुम्ही वाटेला, पाटबंधारे खात्याला आणि सायकलला एका दमात शिव्या घालायचात, तीच वाट शोधत ही मंडळी नागपूरहून, चंद्रपूरहून येतात. डांबरी रस्ता त्यांना नकोच असतो. खडी, मुरूम, तलावाची पाळ, बैलगाडीची चाकोरी असं काही लागलं की ती खूश. त्यांच्या सायकली जाड टायरच्या आणि मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या हँडलच्या असतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढी भारी सायकल, अन् तिले ना स्टँड, ना कॅरियर. डबा कुठी लावतेत?"

तुमची नात त्यांच्यातलीच आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. आता चंद्रपूरला दवाखान्यात नर्स आहे आणि सुटी मिळाली की सायकल काढते. तुमचे जावई ज्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे, ती खाण बंद झाली. ते स्वतः तर त्याच्याही आधी गेले. आमच्या क्वार्टरच्या खिडकीतून मातीचा जो काळा डोंगर दिसायचा, ज्याच्या धुळीनं माझी वाळत घातलेली लुगडी कधी स्वच्छ राहिली नाहीत, त्यावर आता शिसू, करंज आणि बांबू वाढला आहे. खड्ड्यात पाणी साचून तलाव झाला आहे, हिवाळ्यात त्यात बदकं उतरतात. डंपरांनी पाडलेला रस्ता मात्र तसाच फिरत फिरत वर जातो. पोरगी त्याच रस्त्यानं सायकल चढवते. एकदा म्हणाली, "आई, बाबा इथं कोणत्या गिअरमध्ये चढत असतील गं?" मला काय माहीत असणार? पण मी सांगितलं, पहिल्या.

मी गावी परत आले त्याला बरीच वर्षं झाली. घर लहान आहे, पुस्तकं जास्त झाली आहेत. तुम्ही किराणा बांधून आलेले कागद उलगडून, हातानं सपाट करून माझ्यापुढे ठेवायचात, तिथून लागलेली सवय आहे ती. चौथीनंतर शाळा सुटली, कागद सुटले नाहीत.

या हिवाळ्यात पोरगी कागद-पेन घेऊनच आली. "आपल्या तलावापासून खाणीच्या डोंगरापर्यंत डांबर न लागता जाता येतं का?" तिच्या ग्रुपला नवी वाट पाहिजे होती. मार्चअखेरीस लांबलांबचे साठ जण येणार होते आणि सगळं तिच्या अंगावर होतं. बाबा, मला आयुष्यात कोणी रस्ता विचारला नव्हता. मी चुलीपुढून उठले आणि सांगत गेले, तिनं रेघ ओढली: तलावाची पाळ, तिथून नहर, नहरीनं तुमच्या चौकीपर्यंत, पुढं नाल्यावरचा फरशीचा रपटा, मग धानाच्या बांध्यांमधली गाडीवाट, आणि शेवटी डोंगर. तिनं ते सगळं फोनमधल्या नकाशावर चढवलं. नहरीच्या तुकड्याला नाव दिलं, 'पाटकऱ्याची वाट'. मी ते तिच्या फोनवर चार वेळा वाचलं. नहरीचं पाणी सोडायला-बांधायला सारा जन्म घालवलेल्या माणसाचं काम कुठंतरी लिहिलेलं दिसलं, एवढंच.

साठ जण यायच्या आधी आठ जण वाट तपासायला आले. मी सकाळीच चौकीवर चहा घेऊन बसले होते. चौकीचं अर्धं छप्पर गेलं आहे, दारही कोणीतरी नेलं. ऊन वर यायच्या सुमाराला सायकली आल्या, सगळ्यांच्या पुढं तुमची नात, लाल तोंडाची, हसत. आणि त्यांच्या मागून टोपली कमरेला लावून, पदर खोचून, धावत गावातली काकी. ती नवी नवरी होऊन आली तेव्हापासून तुम्ही तिला पाहिलेलं आहे. आता सत्तरी ओलांडली. चौकीच्या अलीकडचे पाच मोह तिच्या घराचे, तिच्या सासूच्याही आधीपासूनचे. गावात झाडं अशी वाटलेली आहेत, हे त्या पोरांना कुठून ठाऊक असणार? मोहाची फुलं पहाटेपासून गळतात, ती वेचायची असतात. म्हणून बाया आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाला झाडून जागा अंगणासारखी करून ठेवतात. काकीनं पाळही झाडली होती.

त्या आठांतल्या एका चष्मेवाल्यानं तिला हात जोडले. "काकू, तेवढाच पट्टा किती स्वच्छ ठेवलाय तुम्ही आमच्यासाठी! थँक्यू हं."

काकी त्याच्याकडे वळली. "तुमच्यासाठी? तुमची वरात येऊन राह्यली म्हणून झाडली का मी?" मग टोपली त्याच्या नाकाखाली धरली. फुलं मातीत दाबलेली, फुटलेली, टायरच्या नक्षीसकट. "हे पाय. हे काय आता ढोरंबी खातीन? वाघाच्या भेवानं जीव मुठीत घेऊन येतो आमी पहाटे. कोन दाखवला तुमाले हा रस्ता?"

"मीच, काकी," मी म्हटलं.

"तू?" तिचा आवाज एकदम खाली आला, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "तुले तुहा बाप आठवते का नाई?"

आठवतो. मी दहा वर्षांची आहे, तुमच्या कॅरियरवर डबा मांडीवर घेऊन बसले आहे. याच झाडांपाशी तुम्ही सायकल थांबवता. "उतर." मी म्हणते, थोडी तं हायेत, बाजूनं काढा ना. तुम्ही सायकल खांद्यावर घेता आणि पाळीच्या बाहेरच्या उतारावरून, काट्याकुट्यातून चालायला लागता. मागं न बघता म्हणता, "कोनी जेवाले बसलं तं तू ताटातून चालत जाशीन काय?" त्या दिवशी तुम्ही नहरीचं गेट उघडलं, बंद केलं, जेवलात, पण माझ्याशी बोलला नाहीत. संध्याकाळी परत जाताना मी आपणहून उतरले, तेव्हा कुठं म्हणालात, "चाल, बस आता."

काकीला मी म्हटलं, "विसरली मी."

दुपारी तुमची नात काकीच्या अंगणात गेली. मीही गेले. पाच-सहा बाया बसल्या होत्या, फुलं वाळत घातलेली, सगळीकडे तो गोड, जड वास. पोरीनं आधी माफी मागितली, मग म्हणाली की त्या दिवशी सगळे उतरतील, सायकली हातात धरून चालत जातील.

"साठ जनं चालत जातीन," काकी म्हणाली. "पायाले डोये हायेत का त्याहिच्या?"

बाया हसल्या. एकीनं विचारलं, "तारीख पुढं ढकलता येत नाई का व? लगन हाय का ते, मुहूर्ताचं?"

येत नव्हती. लोकांनी सुट्या काढल्या होत्या. पोरीनं फोन काढला आणि त्या बायांसमोरच नहरीचा तो सगळा तुकडा पुसून टाकला. त्या दिवशीचे साठ जण तलावावरून डांबरी रस्त्यानं गेले, राईस मिलच्या ट्रकांमधून. काहींनी तोंडावर सांगितलं की वाटेत मजा नव्हती; दोघं अर्ध्यातून परत फिरले. तिनं ऐकून घेतलं. डोंगरावर पोचल्यावर तिनं मला फोन केला, धापा टाकत, वारा नुसता घोंघावत होता, त्यातून म्हणाली, "पोचलो." पावसाळा संपल्यावर बाया म्हणतील तर तो तुकडा परत घालायचा, असं ठरलं आहे. काकी अजून हो म्हणालेली नाही.

मी आठ दिवस सकाळी काकीच्या झाडांखाली फुलं वेचली. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून बसून, सरकत सरकत. पहिल्या दिवशी तिनं माझी टोपली बघितली आणि म्हणाली, "तुह्या भरोशावर मोह ठेवला तं वेचता वेचता पोयाचा सन येईन." पाचव्या दिवशी तिनं तिची भाकर अर्धी मोडून दिली. तुमच्याबद्दल बोलली. मीही बोलले.

आता खरं लिहिते, बाबा. मी विसरले नव्हते. हिवाळ्यात पोरीनं रेघ चौकीपर्यंत आणली तेव्हा पेन थांबवून मला विचारलं होतं, "मार्चमध्ये इथं काही अडचण नाही ना?" मला मोह आठवला, तुमचा खांदाही आठवला. मी म्हटलं, काही नाही. डांबरी रस्त्यानं गेलं की चौकी लागत नाही. मला वाटलं होतं, साठ अनोळखी माणसं तिथं थांबतील, पाणी पितील, आणि त्यातला एखादा तरी विचारेल, इथं कोण राहायचं.

पोरगी सगळ्यांना सांगते, आईचं वय झालं, तिच्या लक्षात राहिलं नाही. मीच गावात आधी विचारायला हवं होतं, असं म्हणून चूक स्वतःवर घेते. काकीही आता तसंच म्हणते. मी गप्प बसते.

रविवारी ती येणार आहे. तिला सांगायचं आहे. तुम्हाला सांगणं सोपं आहे, म्हणून आधी इथं लिहून बघितलं.