बांधायची कडी, ओढायची कडी

माननीय विहीणबाईंना आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा (म्हणजे माझाच, माझ्या वरचं कुणी उरलेलं नाही) नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत, फक्त वाकत नाहीत. व्याह्यांचा खोकला गेला, की अजून पाहुणे आले की येतो? नातीचा हलणारा दात पडला असेल तर तिला म्हणावं, रडू नकोस, दुसरा येतो. सगळ्यांना येत नाही हे एवढ्यात सांगू नका. आमच्याकडे सगळं ठीक. चिरंजीव दोन्ही वेळा जेवतात, स्वतःचं स्वतः वाढून घेतात आणि जेवताना समोरच्या भिंतीकडे बघतात. भिंत चांगली आहे.

मी शाळेत गेले ती बेरजेपुरती. वजाबाकी सुरू व्हायच्या आत मला काढलं, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर पदरात घ्यावं. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. (राग मानू नका, मीही बोलते. आपण दोघी एकदम बोललो की ऐकायला कुणीच राहत नाही.) तुमच्या लेकीनं तिकडे येऊन काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. ती सांगणारी नव्हे. तुमच्या कानावर जीप, चिखल आणि नेलपॉलिश एवढेच शब्द पडले असतील, आणि एवढ्यावर तुम्ही माझ्या मुलाबद्दल काय काय मनात आणलं असेल त्याची मला कल्पना आहे. त्यातलं निम्मं खरं आहे. बाकीचं निम्मं ऐका.

सूनबाईंना डोंगरातल्या गुरांच्या दवाखान्यावर नेमलं, तो रस्ता कच्चा, पावसात त्याची खीर होते, म्हणून जुनी जीप घेतली, हे तुम्हाला माहीत आहेच. चिरंजिवांनी घड्याळांचं दुकान बंद करून बरोबर जायचं ठरवलं होतं. (डोंगरातल्या माणसांना वेळ विचारायची गरज पडत नाही म्हणतात, तेव्हा तिथे हा काय दुरुस्त करणार कोण जाणे. पण बायकोबरोबर जातो म्हणाला, मी गप्प बसले.) जीप आली तशी सूनबाई म्हणाल्या, ही कधी ना कधी रुतणार, तर आधी हिला ओढायचं कुठून ते ठरवू. मला हे आवडलं. लग्नाआधी कुणी एवढा विचार करत नाही.

सुट्या भागांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं एक चकचकीत आकडा काढला, पुढच्या बंपरला लावायचा. चिरंजिवांना तो लगेच आवडला, कारण ज्या माणसानं आयुष्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठा स्क्रू फिरवला नाही त्याला मोठं आणि चकचकीत एकत्र दिसलं की संपलंच. सूनबाईंनी बंपरवर बोटानं टकटक केलं. पत्रा. म्हणाल्या, आकडा कितीही भक्कम असू दे, तो ज्याला धरून आहे ते पत्र्याचं असेल तर बंपरसकट हातात येईल. मग दुकानदार म्हणाला, मागे ट्रॉली जोडायचा गोळा आहे की, त्यालाच पट्टा लावा. त्यावर तर त्या जवळजवळ ओरडल्याच. म्हणे, तो गोळा शांतपणे ट्रॉली ओढायला असतो. रुतलेल्या गाडीचा हिसका बसला की तुटून गोळीसारखा सुटतो, माणसं मेलीत त्यानं. मग साडी खोचून बाई गाडीखाली शिरल्या, बॅटरी घेऊन. दुकानदार माझ्याकडे बघत होता, जणू मी तिला आवरीन. मी त्याला म्हटलं, ती म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, तुझी गाडी काय चीज आहे.

खालून त्यांचा आवाज येत होता. गाडीचा खालचा जाड लोखंडी सांगाडा, त्यालाच काय ते धरायचं. बंद कडी घ्यायची, उघडा आकडा नको, पट्टा निसटतो. पुढे एक नको, दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे भार वाटला जातो. बोल्टसुद्धा तेवढ्याच ताकदीचे हवेत, नाहीतर कडी राहते आणि बोल्ट जातो. आणि मग त्यांनी एक गोष्ट दाखवली ती मी अजून विसरले नाही. सांगाड्याला आधीपासूनच दोन बारीक कड्या होत्या. मी म्हटलं, या आहेत की, मग नव्या कशाला? तर म्हणाल्या, आई, या बांधायच्या कड्या आहेत. कारखान्यातून गाडी ट्रकवर चढवून आणतात तेव्हा हलू नये म्हणून यांना बांधतात. दिसायला सारख्याच, पण ओढायला लागलात की उपटून येतात. (चिरंजीव तेव्हा आत जाऊन तो चकचकीत आकडा पुन्हा न्याहाळत होते.)

तर नव्या कड्या बसल्या, पुढे दोन, मागे एक. आणि कुणाचाही घोटाळा होऊ नये म्हणून सूनबाईंनी त्या तिन्ही लाल नेलपॉलिशनं रंगवल्या. इथेच घात झाला.

विहीणबाई, मला वाचायचा कंटाळा (आणि तेव्हा धड यायचंही नाही), म्हणून चिरंजीव रांगत होते तेव्हापासून आमच्या घरात मी खुणा करते. उंदराच्या औषधाची बाटली, झटका देणारं बटण, हलणारी पायरी, सगळ्यांवर लाल ठिपका. आमच्याकडे लाल म्हणजे हात लावलास तर हात मोडीन. पोरगा त्यावरच मोठा झाला. आजही लाल झाकणाची बरणी तो दोन बोटांनी उघडतो. आणि तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले तेव्हा काय पाहिलं? धार असलेल्या सुरीला लाल दोरा, फिरणाऱ्या किल्लीला लाल दोरा, न गळणाऱ्या नळाला लाल दोरा. तुमच्याकडे लाल म्हणजे हे घ्या, हे चांगलं आहे. मी तेव्हाच मनात म्हटलं होतं, बाई उलट्या डोक्याची आहे. तोंडानं म्हटलं, घर किती नीटनेटकं आहे.

सराव करायला आम्ही जुन्या वीटभट्टीजवळच्या चिखलात गेलो. जीप रुतवली, म्हणजे रुतवावी लागली नाही. एक ट्रॅक्टरवाला ओढायला तयार झाला. सूनबाई जीपमध्ये, पट्टा लावायचं काम चिरंजिवांकडे. मला आणि नातीला त्यांनी लांब, आणखी लांब, असं करत पार भट्टीच्या भिंतीमागे पाठवलं. (मला वाटलं सासूला लांब ठेवायची हौस आहे. हौस नव्हती, हिशेब होता.) चिरंजीव गुडघ्यावर बसले, चिखल पुसला, लाल कडी दिसली, आणि शहाण्या मुलासारखा हात मागे घेऊन त्यांनी पट्टा शेजारच्या बारीक कडीत अडकवला. ट्रॅक्टरनं हिसका दिला. कडी उपटून अशी सुटली की ट्रॅक्टरचा मागचा दिवा फुटला. ट्रॅक्टरवाल्यानं आपला कान हात लावून तपासला, होता, मग मी भिंतीमागून पोचले तेव्हा शांतपणे मला म्हणाला, "आजी, तुमच्या गाडीला मी आवडलेलो दिसत नाही."

सूनबाई उतरल्या. चेहरा पांढरा.

"लाल रंग दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला. म्हणून तर तिथे लावला नाही."

इथे हसायला हवं होतं, विहीणबाई. मीच हसले, आणि ते चुकीच्या वेळी. मग घरी येईपर्यंत कोण कुणाला काय म्हणालं ते सांगण्यात अर्थ नाही. चिरंजीव म्हणाले, विचारल्याशिवाय रंग लावायचाच कशाला. सूनबाईंनी त्यावर चिखलाचा पट्टा धुऊन, गुंडाळून ठेवला, आणि तुमची लेक आवराआवर करू लागली की ते भांड्यांच्या आवाजापेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी मुलीची पिशवी भरताना मला एवढंच म्हणाल्या, "ज्या माणसाला माझी खूण उलटी वाचता येते, त्याला घेऊन मी डोंगरात कशी राहू?" महिनाअखेर त्यांना कळवायचं आहे, तिथे एकटीला खोली हवी की कुटुंबाला घर. तुम्हाला हे माहीत नसेल तर आता झालं.

मी तेव्हापासून विचार करते आहे. रिकामा वेळ आहे, भिंतीशी मी बोलत नाही. माणूस रुतला की आपण त्याला दिसेल तिथे धरून ओढतो. मी आमच्या ह्यांना त्यांच्या आईच्या नावानं ओढायची. प्रत्येक वेळी काहीतरी तुटून माझ्याच तोंडावर आलं, माणूस जागचा हलला नाही. आता तुम्ही लेकीला सांगाल, मुलीकडे बघ आणि जा परत. मी मुलाला सांगीन, दुकानाकडे बघ, लोकांकडे बघ. मूल, घर, दुकान, लोक, या सगळ्या बांधायच्या कड्या. गाडी चालू असते तेव्हा हलू देत नाहीत, काम चोख करतात. पण गाळात गेलेल्याला त्यांना धरून ओढू नये. तेव्हा तुम्ही तिला काही म्हणू नका. आधी चाकापुढची माती उपसावी लागते, आणि ती ज्याची त्यानं.

आणि आम्ही तिला न्यायला येणार नाही. हे मी मुलाला बजावलं आहे. ती चिडून गेलेली नाही, घाबरून गेली आहे. त्या ट्रॅक्टरवाल्याचा कान वाचला, पण कडी त्याच्या किती जवळून गेली ते तिनं पाहिलं. अशा बाईला अंगणात गाडी उभी करून बोलावणं म्हणजे पुन्हा हिसकाच. ती तिच्या मनानं ठरवील. खोली हवी असेल तर खोली घेऊ दे. मी इथे मुलाला वाढीन, म्हणजे वाढून घेताना बघीन.

व्याह्यांना नमस्कार. नातीला एक धपाटा, लाडाचा.

(अजून तरी) तुमची विहीण

ता. क. वरचं सगळं काल लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. आज सकाळी चिरंजीव म्हणाले, टपालात कशाला, मी तिकडेच चाललो आहे. तिकडे म्हणजे कुठे, ते सांगेनात. मीही जीपमध्ये बसले, केवळ पाकिटावर लक्ष ठेवायला. आता ते पाकीट फोडून हे लिहिते आहे.

दुसरा ता. क. आम्ही तुमच्या घरामागच्या ओढ्यात आहोत. गच्चीवर गेलात तर दिसू. पत्र आणणाऱ्या बाईंना (इथे ओढ्यावर धुणं धूत होत्या) मी तोंडी निरोप देत होते की ओढ्यात आहोत, ओढा. त्या म्हणाल्या, पहिला ओढा कळला, दुसरा कुठला? म्हणून लिहून दिलं. सूनबाईंना पाठवा, फावडं नको. बोलायची सक्ती नाही, काठावरून बोट दाखवलं तरी चालेल. चिरंजीव पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आहेत, माती उपसून झाली आहे, हातात पट्टा आहे, आणि म्हणतात, "तिला विचारल्याशिवाय मी कशालाच लावणार नाही." कुठली कडी ते मला माहीत आहे. मी सांगणार नाही.

शेवटचा ता. क. तिला वाटेल, मुद्दाम रुतवली. मी खाली उतरून बघितलं, खरोखर रुतली आहे. मुद्दाम रुतवायची अक्कल याच्यात असती तर एवढं लांबलचक पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.