माळ्यावरचा सोनेरी भुसा

२८ नोव्हेंबर, सकाळ
आज सकाळी प्रार्थना आटोपून माळ्यावर चढलो आणि पाळणा खाली आणला. माझ्या वडिलांनी केलेला. माझ्या लेकीची, लारिसाची, दोन महिन्यांची पोर नाताळला त्यात निजेल. पाळणा सोनेरी भुशाने भरला होता. छतातून थंडी शिरू नये म्हणून माळाभर ओतलेला हा भुसा, लाकडाचा नव्हे, खाणीतल्या चमकत्या दगडाचा. स्वयंपाकघरातच झटकला. स्लाव्काने झाडू काढला आणि मला दोन शब्द ऐकवले. बायकोचं ऐकून घेतलं. आजपासून आमच्या नाताळापर्यंत, म्हणजे सात जानेवारीपर्यंत, चाळीस दिवसांचा उपवास. मांस, दूध, अंडी वर्ज्य. यंदा मी रागही वर्ज्य केला आहे. फादर बोहदानना तसं सांगूनही टाकलं.

दुपार
लेकीचा सास्काटून शहरातून फोन. रेडिओवर सांगितलं म्हणे, जुन्या घरांच्या माळ्यावरच्या भुशात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. धूळ छातीत गेली की तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर होऊन उठते. बाबा, तपासून घ्या, तोवर मी बाळाला त्या घरात आणणार नाही. हे तिचं बोलणं नव्हे, जावयाचं. क्रेगला भिंतीत खिळा ठोकता येत नाही, तो मला छत शिकवणार. फोन आपटला. हा राग नव्हे. त्या फोनचा हुक सैल आहे.

२ डिसेंबर
मला भुसा शिकवू नये. मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी एका हिवाळ्यात आमच्या घरावर आणि गावातल्या आणखी एकतीस घरांवर तो ओतला. घरांची यादी त्यांच्या वहीत आहे. मी त्यात लोळायचो. मला काय झालं? वडील खोकून खोकून गेले, पण ते गव्हाच्या धुळीने. डॉक्टरही तसंच म्हणाले. निदान नाही म्हणाले नव्हते.
चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या तबकात वाळू असते. मी दर नाताळाआधी वाळू काढून हा भुसा भरतो. असा चमकतो की म्हाताऱ्या बायका थांबून क्रूसाची खूण करतात. ही माझी सेवा.
मेहुणा नेस्टर येऊन टोमणा मारून गेला. दाजी, तुमचं सोनं खोटं निघालं म्हणे! आमच्या माळ्यावर बघा, फळ्यांवर आजीच्या पेट्या, कुणाला चावत नाहीत. मी गप्प बसलो. फळ्यांखाली काय आहे ते मला माहीत आहे. पण उपवास आहे.

७ डिसेंबर
ठरलं. तज्ज्ञ कशाला? घरचा व्हॅक्यूम क्लीनर, दोन तासांचं काम. पाळणा धुऊन ठेवीन आणि लारिसाला मोठ्या मनाने माफ करीन.

संध्याकाळ
व्हॅक्यूमची पिशवी फुटली. हल्ली कुठलीच वस्तू धड करत नाहीत. निम्मा भुसा माळ्याच्या दारातून खाली, थेट स्लाव्काच्या बीटच्या सूपमध्ये. तिने सूप मोरीत ओतलं, चार कपडे घेतले आणि भावाकडे, नेस्टरकडे, गेली. दारातून म्हणाली, तिथे श्वास तरी घेता येईल. मला हसू आलं. तिला खरं सांगायला हवं होतं. पण ती रागात होती. रागावलेल्या माणसाशी उपवासात बोलू नये.

१२ डिसेंबर
लारिसाने परस्पर तपासणीचा माणूस पाठवला. पांढरा झगा, तोंडावर मास्क. समोरच्या बाईने पडदा पुरता उघडून पाहिलं. आता गावभर. त्याने चिमूटभर भुसा डबीत घेतला. म्हणाला, झाडायचं नाही, व्हॅक्यूमने ओढायचं नाही. सांडलेला भुसा ओल्या फडक्याने टिपा, माळ्याच्या दाराच्या फटी बुजवा, वर जाऊ नका. मग विचारलं, काका, इथला भुसा बाहेर कुठे नेलाय का?
नाही म्हणालो. चर्च म्हणजे काही बाहेर नव्हे.

१९ डिसेंबर
संत निकोलसचा दिवस. मुलांनी मेणबत्त्या लावल्या. एका चिमुरडीने तबकातला भुसा ओंजळीत घेतला, बर्फ बर्फ म्हणत मैत्रिणीच्या तोंडावर फुंकला. मी असा ओरडलो की गाणारे गायचे थांबले. पोर रडू लागली. तिची आई म्हणाली, चिमूटभर भुशासाठी पोरीचा जीव घ्याल! फादर नंतर हळूच म्हणाले, ओरेस्ट, त्यापेक्षा सॉसेज खाल्लं असतंस तर बरं होतं.
भुसा उडाला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. का, ते लिहीत नाही.

३ जानेवारी
निकाल आला. आहे.
लारिसा फोनवर रडली. या नाताळला नाही, बाबा. मग क्रेग बोलला, वाईट वाटतं म्हणाला. त्याचा आवाज बरा आहे, आजवर कधी ऐकूनच घेतला नव्हता.
दिवसभर खाणवाल्यांवर चरफडलो. पोती विकणाऱ्यांवर चरफडलो. पोत्यावर छापलेलं होतं: निर्धोक. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. वाचून मीच दाखवलं होतं. शाळेत शिकलेला पहिला अवघड शब्द, फार ऐटीत वाचला होता.

६ जानेवारी, नाताळची पूर्वसंध्या
चाळीसावा दिवस. सकाळी फादरना तबकाचं सांगितलं. मग पाणी शिंपडून, तोंडाला मास्क बांधून आम्ही ते तबक दोन पिशव्यांत गुंडाळलं. पाळणाही तसाच गुंडाळून अंगणात ठेवला आहे.
संध्याकाळी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर उभा राहिलो. आधी तबकाचं सांगितलं. त्या चिमुरडीच्या आईकडे बघून सांगायचं ठरवलं होतं, बघितलं जमिनीकडे. मग वडिलांची वही उघडली, भुसा ओतलेल्या घरांची.
पहिलं घर जुन्या लोहाराचं. आता नेस्टरचं.
स्लाव्का तिथेच बसली होती, भावाशेजारी. तिने माझ्याकडे पाहिलं. नेस्टर उभा राहिला. दाजी, महिनाभर बहीण माझ्याकडे निजली, आणि हे तुम्ही आज सांगता?
माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. उपवास, तिचा राग, सैल हुक. मी वहीचं पान उलटलं.
बस, नेस्टर, मी म्हणालो. अजून तीस आहेत.
तीसही वाचली.