आज भाजी कोणती

मंगळवार, साकोली

बाहेरून कडी लावणाऱ्या सुनंदाला बजावलं, तासभर बायको म्हणून नको, जेलर म्हणून वाग. ती जरा जास्तच लवकर तयार झाली.

उद्या कोर्टाला पटवायचंय, की खटल्याआधीच माझ्या अशिलाला, गुणवंताला, आठ महिने एकटं कोंडणं हा छळ आहे. सरकारी वकील म्हणतो, मारहाण नाही, दोन वेळ जेवण आहे, मग छळ कुठला? म्हटलं, स्वतःच बसून बघावं.

कोठीत तांदळाच्या पोत्यावर बसलो. पालीला युक्तिवाद ऐकवला. ती मध्येच निघून गेली. मग दार वाजवलं.

"सुनंदा, आज भाजी कोणती?"

"काहून ओरडून राहिले? वीसच मिनिटं झाले. कैद्याले कोणी भाजी सांगते का?"

गुणवंत दर भेटीत हेच विचारतो. केस बाजूला, "साहेब, आज भाजी कोणती होती?" मी चिडतो. एकदाही सांगितलं नाही. भूक नव्हतीच ती. मलाही कुठे होती?

बुधवार. कोर्टाआधी तुरुंगात गेलो. त्याने विचारण्याआधीच सांगितलं, वांग्याची.

"तर्रीवाली होती का, साहेब?"

कोर्टात दहा मिनिटं उशिरा पोचलो.