चिंचेतला खिळा

आप्पा, घर रंगवायला माणसं आलीत आणि तुमचा फोटो या खोलीतून त्या खोलीत फिरतोय, म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले. तुमची ती भुतांची कादंबरी आता कुणाला आठवत नाही. साताऱ्याच्या शाळेत शास्त्र शिकवता शिकवता तुम्ही लढाईच्या दिवसांत ती लिहिलीत आणि सांगलीच्या एका छापखान्यानं छापली. गावोगावी मांत्रिक भुताला झाडाशी नेतो आणि खिळा ठोकून तिथं जखडून टाकतो, यावर सगळी गंमत उभी होती. तुमचा विनोदी मास्तर शाळेतलं लोहचुंबक घेऊन चिंचेखालून जातो, पटापट खिळे निघून चुंबकाला चिकटतात आणि मोकळी झालेली भुतं त्याच्यामागोमाग वर्गात येऊन बसतात. समंधाला गुरुत्वाकर्षण पटत नाही, हडळ विजेच्या दिव्याशी भांडते. छापखान्यासाठी पक्की प्रत मी काढली, आणि हसून हसून माझ्या हातून शाई सांडायची. लोक एकदा भुतांना हसले की भ्यायचे थांबतील, असं तुम्हाला मनापासून वाटत होतं.

लोक हसले, पण भ्यायचे काही थांबले नाहीत. लोणंदच्या एका व्यापाऱ्यानं पत्र लिहून विचारलं, वखारीतल्या भुताला केवढं चुंबक लागेल. सांगलीच्या एका वकिलांनी धर्माची टवाळी केली म्हणून तुम्हाला झाडलं, तर तुमच्याच एका जुन्या मित्रानं शास्त्राची टवाळी केली म्हणून. शाळेचा शिपाई प्रयोगांच्या कपाटाला हात लावेना. जवळच्या खेड्यातले वडीलधारे हेडमास्तरांना भेटून गेले, की ते चुंबक कुलपात ठेवा, आमच्या शिवेवरच्या झाडांना फार खिळे आहेत. तुम्ही प्रत्येकाला समजावायचात, की अहो, हे माझ्या मनचं आहे. ते मान डोलवायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. एकदा जेवताना तुम्ही आईला म्हणालात, ‘मी विनोदीच लिहिलं होतं ना गं?’ आईनं तुम्हाला आणखी आमटी वाढली.

मग वडूजकडची ती बाई आली. तिचा मुलगा पलटणीत होता, परमुलखात लढाईत गेला. तार आली, प्रेत आलं नाही. पुढं भावकीत कुणी आजारी पडलं, तेव्हा या मेलेल्या मुलानंच धरलंय असं ठरवून मांत्रिकानं त्याला शिवेवरच्या चिंचेला ठोकला. तुमचं पुस्तक कुणीतरी चावडीवर वाचून दाखवत होतं. सगळे हसत होते आणि ही चुंबकाचं ऐकून उठली, ती थेट आपल्या ओसरीवर आली. ‘आवं गुरुजी, त्यो कवा कुनाला तरास द्येनारा न्हवता. तेवढा खिळा काढा. मग जाईल त्यो कुटं जायचं तितं.’ तुम्ही तिला सांगून पाहिलंत, की लोखंडानं माणूस बांधला जात नाही आणि झाडात रुतलेला खिळा चुंबकानं निघत नाही. तिनं निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुमीच लिवलंय की.’ मला तुमची फार कीव आली, आणि तुमच्या पुस्तकाचा रागही.

त्या रविवारी आपण जातो. तुमच्या पिशवीत शाळेचं चुंबक आणि घरची पक्कड आहे. बाई चिंचेपाशी वाट बघत उभी आहे. तुम्ही चुंबक खिळ्याच्या डोक्याला लावता, टक्‌ असा आवाज होतो आणि ती हात जोडते. खिळा हलत नाही. झाडानं तो डोक्यापर्यंत गिळलाय. तुम्ही तिला पाठ फिरवायला सांगता. मग पक्कड लावून घामाघूम होईस्तोवर ओढता आणि गंजलेलं डोकंच तुटून पडतं. तेव्हा तुम्ही कोटाच्या खिशातून दुसराच एक खिळा काढलात, चुंबकाला चिकटवलात आणि तिला हाक मारलीत. ‘निघाला,’ तुम्ही म्हणालात. जन्मभर मुलांकडे पुरावा मागणारे तुम्ही. तिनं तो तळहातावर घेतला. ‘एवढासाच व्हय? एवढ्याशानं धरून ठिवला व्हता माझ्या लेकाला?’ आणि ती तिथंच खाली बसून मोठ्यानं रडली. तार आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, असं तिच्याबरोबर आलेल्या जावेनं मला सांगितलं.

घरी आलो तर कॅलेंडर टेबलावर नीट गुंडाळून ठेवलेलं होतं आणि भिंतीवर नुसतं खिळ्याचं भोक. म्हणजे निघण्याआधीच तुम्हाला सगळं ठाऊक होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही. वाचक दुसरा भाग मागत राहिले, तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत, आणि तुमची प्रकृती बरी नसते असं मी सगळ्यांना कळवत राहिले. तुम्ही बरोबर केलंत की चूक, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. पुढं सांगलीच्या शाळेत मीही जन्मभर शास्त्र शिकवलं, तरी आजही सांगता येत नाही.

हे पत्र पेटीत टाकायला पत्ता नाही, म्हणून घडी करून तुमच्या फोटोच्या मागं सरकवते. मघाशी रंगारी विचारत होता, बाई, खिळा कुठं मारू. भिंत अजून ओली आहे, राहू दे, असं मी सांगितलं. दर वेळी असंच काहीतरी सांगते. तुम्ही गेल्यापासून फोटो कपाटाला टेकूनच उभा आहे, आप्पा. तुमच्यासाठी खिळा ठोकायला माझा हात धजत नाही.